कोरा कागद

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, इन्सुलिनचं पेन असेल. तुमच्या नाही तर शेजारच्या घरात नक्की. ज्यांच्यामुळे ते तिथे आलं, ते कॅनडाचे डॉ. फ्रेडरिक बँटिंग युद्धकाळात विमान अपघातात गेले. १९२३ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा वय ३१, आणि आपल्या वाट्याच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी सहकारी चार्ल्स बेस्टला दिली. आपल्याकडे सत्काराच्या शालीवरून रुसवे होतात, असो.

२० फेब्रुवारी १९४१ ची रात्र. कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या गँडरहून हडसन जातीचं बाँबर विमान ब्रिटनकडे निघालं. चौघं जण: वैमानिक जोसेफ मॅकी, दिशादर्शक, रेडिओवाला आणि बँटिंग. समुद्रावर गेल्यावर एक इंजिन बंद पडलं. तेल थंड ठेवणारा कूलर बिघडला होता म्हणतात. तेल गेलं की इंजिन गेलं. आपली स्कूटरवाली मंडळी तरी कुठे ऐकतात म्हणा. मॅकीनं विमान मागे वळवलं. आणि परतीच्या वाटेवर दुसरंही गेलं. एक नव्हे, दोन्ही इंजिनं! अंधारात, बर्फात, विमान उतरवता उतरवता झाडांवर आदळलं.

आता मला सांगायचं आहे ते इथून पुढे. दिशादर्शक आणि रेडिओवाला गेले. बँटिंग जबर जखमी, डोक्याला मार. मॅकी स्वतः घायाळ, पण शुद्धीवर. त्यानं बँटिंगना आडवं केलं, पांघरूण घातलं. बँटिंग भ्रमात बोलायला लागले, डॉक्टरी भाषेत, एकामागून एक. "लिहून घे," म्हणाले. मॅकीला त्यातलं काही कळत नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? तो लिहिल्याचं नाटक करू लागला. डॉक्टर सांगताहेत, वैमानिक लिहितोय. लिहीत काहीच नाही. डॉक्टर थकून झोपले, की हा थांबे. पुन्हा सुरू झाले, की पुन्हा "लिहायला" बसे.

शेवटी मॅकी मदत शोधायला बाहेर पडला. बर्फात काहीच सापडेना, म्हणून परतला. पाहतो तर बँटिंग विमानाबाहेर, बर्फात, गेलेले. वय ४९. कधी उठले, कुठे निघाले होते, कुणास ठाऊक.

ते काय सांगत होते, त्याची एक ओळसुद्धा उरली नाही.