दारू सोडली, गांजा धरला

(पडद्यावर : संध्याकाळी सातची वेळ. हिंजवडीहून परतणाऱ्या गाड्यांची रांग. वाइन शॉपच्या जाळीपुढे उभे असलेले लोक.)

"दारूपेक्षा गांजा बरा ना?"

पुण्या-मुंबईतली पंचविशी-तिशीतली मुलंमुली हा प्रश्न अगदी मनापासून विचारतात. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा दारू कमी करायचं मनावर घेतलेलं असतं. पोट सुटलेलं असतं, सकाळी डोकं जड असतं, रविवार झोपेत जातो, घरात धुसफूस चालू असते. मग एखादा मित्र सांगतो, "सोड रे ती दारू, त्यापेक्षा जॉइंट मार. झाडाचा पाला आहे, हँगओव्हर नाही, लिव्हरला काही नाही." विचारणाऱ्याला हसण्यावारी नेऊ नये आणि 'दोन्ही वाईटच' म्हणून वाटेलाही लावू नये. ज्याला स्वतःत बदल घडवायचा आहे, त्याला खरं उत्तर मिळायला हवं.

(पडद्यावर : टेबलावर क्वार्टरची बाटली, शेजारी स्ट्राँग बिअर, पेला, चखण्याची बशी.)

आधी दारू. तीस मिलिलिटरचा एक पेग घेतला की पोटात साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल जातं. क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. आणि "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी : आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या साडेसहाशे मिलिलिटरच्या एका बाटलीत चाळीस ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार पेग. लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकाली काढू शकतं. रात्री अकराला क्वार्टर संपवून झोपलेल्या माणसाचं लिव्हर सकाळी ऑफिसच्या बसमध्येही काम करत असतं. झोप लागते लवकर, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटत राहते. 'झोपेसाठी घेतो' म्हणणाऱ्याची सकाळ म्हणूनच थकलेली असते.

लिव्हरमध्ये अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. हा पदार्थ पेशींमधल्या डीएनएला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच अल्कोहोलला पहिल्या गटातला, म्हणजे खात्रीने कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं. तंबाखू त्याच गटात आहे. तरीही सिगारेटच्या पाकिटावरचं कुजलेल्या तोंडाचं चित्र घराघरात माहीत आहे आणि दारू व स्तनाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग यांचा संबंध शिकलेल्या घरांतही ठाऊक नसतो. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले, असा या संघटनेचा अंदाज आहे.

मग गांजा बरा का? आकडे मांडले तर तो कमी घातक दिसतो, हे लपवून काही साधत नाही. ब्रिटनमधले औषधशास्त्रज्ञ डेव्हिड नट यांनी २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये वीस नशेच्या पदार्थांची तुलना मांडली. सेवन करणाऱ्याचं नुकसान आणि त्याच्या आसपासच्या लोकांचं नुकसान, दोन्ही धरून शंभरपैकी गुण दिले. दारूला ७२, हेरॉइनला ५५, तंबाखूला २६ आणि गांजाला २०. त्याआधीच्याच वर्षी, दारू आणि तंबाखू हे गांजापेक्षा जास्त घातक आहेत असं जाहीरपणे बोलल्याबद्दल नट यांना सरकारच्या सल्लागार समितीचं अध्यक्षपद गमवावं लागलं होतं.

पण ही मोजणी एका अख्ख्या समाजाची आहे. ब्रिटनमध्ये दारू कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, लाखो लोक ती पितात, त्यामुळे मारामाऱ्या, अपघात, उद्ध्वस्त घरं हे सगळं तिच्या खात्यावर जमा होतं. तुमच्या शरीरात, तुमच्या वयात, तुमच्या घराण्यातल्या आजारांसह गांजा काय करेल, हे त्या वीस गुणांत लिहिलेलं नाही.

आपल्या देशातली मोजणीही आहे. केंद्र सरकार आणि दिल्लीच्या एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाख लोकांना मदतीची गरज आहे. भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख, त्यातल्या ७२ लाखांना मदतीची गरज आहे. म्हणजे दारू पिणाऱ्या तिघांतला एक अडकलेला आहे, आणि भांग-गांजा घेणाऱ्या चौघा-पाचांतला एक. त्यात सणासुदीला भांग पिणारेही मोजलेले आहेत. 'गांजाचं व्यसन लागतच नाही' असं ठणकावून सांगणाऱ्या मित्राला हा आकडा ऐकवा.

(पडद्यावर : झुरका, धुराचे लोट. चेहरा दिसत नाही.)

गांजात नशा आणतं ते टीएचसी. इस्रायलमधल्या राफाएल मेशूलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ साली ते वेगळं करून दाखवलं. अल्कोहोल दुसऱ्या दिवशीपर्यंत शरीराबाहेर जातं, टीएचसी मात्र चरबीत मुरतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत बंद केल्यानंतरही काही आठवडे त्याचा माग सापडतो. स्मरणशक्ती, लक्ष, वेळेचं भान यांच्यावर त्याचा परिणाम होतो. अभ्यासात मागे पडलेला, नोकरीत मन न लागणारा मुलगा 'आळशी झालाय' म्हणून बोलणी खातो, आणि खरं कारण त्याच्या गादीखालच्या पुडीत असतं.

वयाचा मुद्दा इथे सगळ्यात जड आहे. मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते. सोळाव्या-सतराव्या वर्षी सुरुवात केलेल्यांत व्यसन लागण्याचं प्रमाण मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त असतं. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे सायकोसिस : कुणीतरी पाठलाग करतंय, भिंतीपलीकडून माझ्याबद्दल बोलतंय, अशी पक्की खात्री वाटणं. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा माग संशोधकांनी वर्षानुवर्षं ठेवला. १९८७ साली निष्कर्ष आला की, पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे अशा सायकोसिसच्या गंभीर आजाराचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतं. युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या शहरांचा २०१९ सालचा अभ्यासही तेच दाखवतो : रोज, आणि तोही तीव्र गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता सुमारे पाचपट. प्रत्येक ओढणाऱ्याला हा आजार होत नाही. पण ज्याच्या आईला, काकाला, भावाला कधी असा आजार झाला आहे, त्याच्यासाठी 'दारूपेक्षा गांजा बरा' हे वाक्य धोकादायक आहे. मित्र सल्ला देतो तेव्हा त्याला तुमच्या काकांबद्दल काहीच माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट बोलण्यात राहून जाते. आपल्याकडे जॉइंट बहुधा सिगारेटची तंबाखू मिसळून भरतात. म्हणजे दारू सोडायला निघालेला माणूस गांजाबरोबर निकोटिनचंही व्यसन घरी आणतो. काही जण दारू पूर्ण सोडतच नाहीत. दोन पेग आणि वर एक जॉइंट, असा नवा बेत सुरू होतो. दारूसोबत ओढलं की रक्तात टीएचसी जास्त चढतं, आणि असा माणूस गाडीला किल्ली लावतो तेव्हा दोन्ही नशा एकदम गाडी चालवत असतात.

कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि त्यानुसार प्यायला परवाना लागतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे, पानांची भांग त्या व्याख्येबाहेर आहे. थोडासा गांजा जवळ सापडला तरी तो गुन्हा ठरतो. या भीतीने मुलं डॉक्टरांकडेही जात नाहीत. म्हणून एक तरतूद माहीत असू द्या : त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार थोड्या प्रमाणात जवळ बाळगणं किंवा सेवन एवढाच गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला आला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

(पडद्यावर : श्रावणातली सकाळ. ओला रस्ता, फुलांचा बाजार, देवळाबाहेर चपलांचा ढीग.)

या सगळ्याच्या मुळाशी आहे ती संध्याकाळ. सात ते दहाचा तो वेळ. ऑफिस संपलंय, अंगात थकवा आहे, कुणाशी बोलावंसं वाटतंय आणि फोनवर मेसेज येतो, "बसायचं का आज?" दारू काढून त्या जागी गांजा ठेवला, तर पेला बदलतो. ताण, एकटेपण, कंटाळा होता तिथेच राहतो. बदलायची आहे ती ही वेळ.

आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही. श्रावण पाळणारी लाखो घरं आहेत. आषाढ अमावस्येला गटारीच्या नावाने जी दारू ढोसली जाते ती क्लेशकारकच आहे. पण दुसऱ्या दिवसापासून तीच माणसं महिनाभर थेंबाला शिवत नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना कुणी टोकतही नाही. 'श्रावण आहे' एवढं म्हटलं की आग्रह थांबतो. सामाजिक पाठिंबा मिळालेला हा एक महिना किती मोलाचा आहे, ते शास्त्रानेही दाखवलंय. बेताने ते बरंच पिणाऱ्या, पण महिनाभर दारू बंद ठेवायचं ठरवलेल्या निरोगी लोकांची लंडनच्या संशोधकांनी तपासणी केली. २०१८ साली आलेल्या त्या अभ्यासात इन्सुलिनला होणारा, मधुमेहाकडे नेणारा शरीराचा विरोध सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटला, रक्तदाब आणि वजनही उतरलं. इंग्लंडमधल्या 'ड्राय जानेवारी' या जानेवारीभर दारू न पिण्याच्या मोहिमेत भाग घेणारे पुढे ऑगस्टमध्येही आधीपेक्षा कमी पीत होते, असं ससेक्स विद्यापीठाच्या पाहणीत दिसलं.

माझं म्हणणं असं की श्रावण नुसता काढू नका, त्याच्याकडे नीट बघा. कोणत्या वारी तलफ येते? भांडण झाल्यावर येते की पगार झाल्यावर? झोप दुसऱ्या आठवड्यात कशी आहे? संध्याकाळी सातला काय केलं तर नऊ वाजेपर्यंत आठवणही येत नाही? कुणाला टेकडी चढून येणं कामी येतं, कुणाला स्वयंपाक, कुणाला भजनाची बैठक, कुणाला बॅडमिंटन. गळ्यात तुळशीची माळ घालून दारू कायमची सोडलेले वारकरी गावोगाव आहेत. त्यांना माळेबरोबर संध्याकाळचं भजन मिळतं, वर्षाची वारी मिळते आणि सोबतीला दिंडी मिळते. संध्याकाळ भरलेली असते, म्हणून सोडलेलं टिकतं.

(पडद्यावर : दवाखान्याचा व्हरांडा. रक्तदाब मोजणारे हात.)

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि पहिला घोट गेल्यावर थांबतात, त्याने श्रावण लागला म्हणून एका दिवसात दारू तोडू नये. आधी डॉक्टरांना भेटावं. दारू अचानक बंद झाली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, प्रचंड घाम, भ्रम अशी अवस्था येऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. औषधांनी ती टाळता येते. गांजा बंद केल्यावर चिडचिड होते, भूक जाते, झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात. त्रास होतो, पण पहिला आठवडा कठीण जातो आणि पुढे बहुतेकांना उतार पडतो. व्यसनमुक्तीतली माणसं या सगळ्याला 'टर्की' म्हणतात. दारूची टर्की घरच्या घरी अंगावर काढू नये.

पुण्यात येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते उभं केलं. ब्राउन शुगरच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या विळख्यातल्या मुलांवरचे अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले होते. तिथे येणाऱ्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. पस्तीस दिवसांचा मुक्काम असतो. ठरलेल्या वेळी उठणं, योग, गटातलं बोलणं, श्रम, गाणी. दिवसाचा प्रत्येक तास पुन्हा शिकवला जातो. बरे झालेले अनेक जण तिथेच समुपदेशक म्हणून काम करतात, आणि रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. व्यसन घरातल्या एकाला लागतं आणि आजारी सगळं घर पडतं, हे त्या केंद्राने सुरुवातीपासून ओळखलं.

तरीही २०१९ च्या त्याच सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस माणसांमागे फक्त एकाने कसलीतरी मदत मिळाल्याचं सांगितलं. बाकीचे सदतीस लाजेपोटी, पैशापोटी किंवा कुठे जायचं ते माहीत नसल्याने घरातच राहिले. त्यांच्यापर्यंत पोचायला हवं, हेच या फिल्मचं कारण.

(पडद्यावर : मोठ्या अक्षरात दोन क्रमांक.)

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे १४४४६. मन खचलं असेल, भास होत असतील, झोप उडाली असेल, तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. दोन्ही मोफत आहेत. फोन केल्यावर तीन गोष्टी सरळ सांगा : काय घेतो, किती आणि किती दिवसांपासून. सकाळी हात थरथरत असतील तर तेही सांगा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मिटिंगा महाराष्ट्रात अनेक शहरांत भरतात. तिथे फी नाही आणि आडनाव विचारलं जात नाही. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन आहे. नवरा किंवा मुलगा तयार होईपर्यंत बायकोने, आईने थांबायची गरज नाही. ती आधी जाऊ शकते, आजच संध्याकाळी.