हरारेचा 'बीस्ट'

(दृश्य: डर्बनचं किंग्ज पार्क स्टेडियम, भरगच्च)

रग्बीचा सामना. एक धिप्पाड गडी चेंडू छातीशी धरून घुसतो आणि सगळं मैदान एका सुरात ओरडतं, "बीऽऽऽस्ट!" नवख्याला वाटेल, लोक हुर्यो उडवतायत. पण हे कौतुक आहे.

टेंडाई म्टावारीरा. जन्म १९८५, हरारे, झिम्बाब्वे. 'बीस्ट' हे नाव तिकडच्या शाळासोबत्यांनी ठेवलेलं. डर्बनच्या शार्क्स संघात तो आला तेव्हा स्क्रमच्या, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघ एकमेकांना रेटतात त्या झुंजीच्या, मागच्या रांगेत खेळायचा. प्रशिक्षक डिक म्युर यांनी त्याला पुढच्या रांगेत आणलं: प्रॉप, म्हणजे त्या रांगेच्या टोकाचा गडी, जर्सी क्रमांक १.

(दृश्य: स्क्रम, अगदी जवळून)

आठ विरुद्ध आठ. माना खाली, खांद्याला खांदा भिडलेला, मागून बाकी साथीदारांचा रेटा. प्रॉप इथं काय करतो ते कॅमेऱ्याला धड दिसतही नाही. पण २० जून २००९ला ते सगळ्यांना दिसलं. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाविरुद्धची पहिली कसोटी (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामन्यालाच कसोटी म्हणतात), समोर इंग्लंडचा विश्वविजेता प्रॉप फिल विकरी. म्टावारीराला दक्षिण आफ्रिकेकडून पदार्पण करून जेमतेम वर्ष झालेलं. स्क्रममागून स्क्रम त्यानं विकरीला उचकटून काढलं, पेनल्टीवर पेनल्टी (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारी किक) मिळवली. उत्तरार्ध सुरू होताच विकरीला बाहेर बोलवावं लागलं. दक्षिण आफ्रिका २६–२१नं जिंकली.

आणि पुढच्याच वर्षी राजकारण्यांनी विचारलं, हा आपला कसा? आंतरराष्ट्रीय नियमाला तेव्हा तीन वर्षांचं वास्तव्य पुरे होतं. दक्षिण आफ्रिकेचं सरकार मात्र नागरिकत्व मागत होतं. लायन्सना लोळवताना कागद कुणी तपासले नव्हते, हे विशेष! अखेर २०१०मध्ये त्याला नागरिकत्व मिळालं.

(दृश्य: योकोहामा, २ नोव्हेंबर २०१९)

विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिका विरुद्ध इंग्लंड. म्टावारीरा ३४ वर्षांचा. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा प्रॉप काइल सिंकलर जखमी होऊन बाहेर गेला, त्याच्या जागी डॅन कोल. त्या बिचाऱ्याच्या वाट्याला काय आलं, ते विकरीला विचारावं. स्क्रम कोसळत राहिले, पेनल्टी मिळत राहिल्या आणि दक्षिण आफ्रिकेचा हांद्रे पोलार्ड चेंडू खांबांमधून धाडत राहिला. त्याचे एकट्याचे २२ गुण. दक्षिण आफ्रिका ३२–१२नं विजयी.

त्याच महिन्यात म्टावारीरानं आंतरराष्ट्रीय रग्बीतून निवृत्ती घेतली. ११७ कसोट्या. दक्षिण आफ्रिकेकडून त्याच्याहून जास्त तोवर दोघेच खेळले होते: व्हिक्टर मॅटफिल्ड आणि ब्रायन हबाना.