आफ्रिनिक: माणसं बदलायची की घटना?

मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी मंडळी आठवतात, पण आज मला बोलायचंय तिथल्या एबेनमधल्या एका ऑफिसबद्दल. आफ्रिनिक. 2005 पासून आफ्रिका खंडाला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांचे ओळखक्रमांक, वाटणारी आणि त्यांची नोंद ठेवणारी संस्था. अशा जगात पाचच आहेत, आपण आशिया-पॅसिफिकच्या एपनिकमध्ये येतो.

आता भानगड काय झाली बघा. आयपीव्ही4 चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, अ‍ॅड्रेस मुळात साधारण 430 कोटी, बाकीच्यांचा साठा संपत आला तेव्हा आफ्रिनिककडे अजून शिल्लक होता, मग सगळ्यांचा डोळा तिकडे जाणारच. 2019 मध्ये तिथले लाखो अ‍ॅड्रेस परस्पर लंपास झाल्याचं उघड झालं. मग क्लाउड इनोव्हेशन या सभासद कंपनीला पूर्वी दिलेले 62 लाख अ‍ॅड्रेस परत घ्यायचं ठरलं, संस्था म्हणते ते आफ्रिकेबाहेर वापरले जातात, कंपनी म्हणते तशी बंदी नियमात कुठेय, आणि प्रकरण गेलं कोर्टात. जुलै 2021 ला संस्थेची बँक खाती गोठली. 2022 मध्ये बोर्डाचा कोरम, म्हणजे निर्णय घ्यायला लागणारी किमान सदस्यसंख्या, गेला, सीईओपण उरला नाही. आपल्याकडे पतसंस्थेवर प्रशासक बसतो ना, तसा 2023 मध्ये कोर्टाने रिसीव्हर नेमला.

यात भरडला जातो तो छोटा इंटरनेटवाला. 2020 पासून तिथे एका वेळी जास्तीत जास्त 1024 अ‍ॅड्रेस मिळतात, गिऱ्हाइकं मात्र काही हजार, मग एकाच अ‍ॅड्रेसमागे पन्नास घरं कोंबायची, आणि त्यातल्या एकाने उपद्व्याप केला की ब्लॉक पन्नासच्या पन्नास घरं. त्याला एबेनचं ऑफिस रोज चालू हवं, बाकी वाद त्याच्या कामाचे नाहीत.

जून 2025 ला एकदाची बोर्डाची निवडणूक लागली आणि एका मुखत्यारपत्रावरून आक्षेप आला, मतदान थांबलं, पुढे अख्खी निवडणूकच रद्द. लोक तासन्‌तास चर्चा करून उमेदवार ठरवतात आणि सगळं अडतं एका कागदावर, मला हे फार लागलं. पुढच्याच महिन्यात क्लाउड इनोव्हेशनने तर संस्था गुंडाळायचीच मागणी केली. याला माझा साफ विरोध आहे. नोंदवहीच बंद केली तर कुठला अ‍ॅड्रेस कोणाचा हे सांगणार कोण?

सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली, आठ जणांचं बोर्ड आलं. चांगलं झालं, जुनं नेतृत्व जायलाच हवं होतं. पण खुर्चीवर नवी माणसं आणि खाली संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, तीच, तर पुढचा कोरम जाईल तेव्हा परत कोर्टाचीच पायरी चढायची का? बोर्ड नसेल तर निवडणूक कोण घेणार, एका माणसाने किती सभासदांची मुखत्यारपत्रं आणायची, हे आधी लिहून काढा. आणि अशी संस्था कोलमडली तर तिची मान्यता काढायची कशी, हे अशा संस्थांना मान्यता देण्याच्या 2001 च्या मूळ नियमपत्रात नव्हतंच, ते आता नव्याने लिहितायत, त्यात आफ्रिकेतल्या या छोट्या सभासदांना बोलायला मिळालंच पाहिजे, कारण पाच वर्षं सोसलंय त्यांनी.