आठ अंशांवरचं हृदय

(पारदर्शक पेटी. तांबूस द्रवात हृदय.)

हे डुकराचं हृदय. उद्या ते माणसाला बसवता येईल का, हे आधी माकडांवर पाहायचंय. छातीतून काढलंय, धडधड थांबवलीय, पण उपाशी ठेवलेलं नाही. महाधमनीत बसवलेल्या नळीतून ऑक्सिजन आणि तांबड्या पेशी असलेला द्रव हलक्या दाबानं आत सोडतात. तापमान 8 अंश. स्वीडनमधल्या लुंडचे शल्यविशारद स्टिग स्टीन यांची ही पद्धत.

एवढे लाड कशासाठी? माणसाचं हृदय तर थंड पेटीत घालून चार तासांपर्यंत नेतात. जर्मनीत म्युनिकला शल्यविशारद ब्रुनो राइखार्ट यांच्या चमूनं आधी तसंच केलं. डुकराची जनुकं बदललेली, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू. तरी बबून या मोठ्या माकडाच्या छातीत बसवलेली काही हृदयं तीन दिवसांच्या आतच थकली. अशा वेळी पहिला संशय येतो तो शरीरानं परका अवयव नाकारल्याचा. इथे नकाराची खूण सापडली नाही. घात वाटेतल्या उपासानं केला होता.

(पिंजऱ्यात बबून. अंगात जाकीट, पाठीवरून वर गेलेल्या नळ्या.)

‘नळ्या ओढू नकोस’ हे माकडाला कसं सांगणार? म्हणून हे जाकीट. औषध अखंड चालू राहतं आणि तो मोकळा फिरतो.

(सोनोग्राफीचा पडदा. जाड भिंत, चिंचोळी पोकळी.)

मग दुसऱ्या गटासाठी स्टीन यांची पेटी वापरली. तिनं पहिले दिवस निभावले, पण नवी अडचण आली. कोवळ्या डुकराचं हृदय परक्या छातीतही आपल्याच वेगानं वाढत राहिलं. पोकळीत रक्त मावेना, मागे तुंबलं, यकृत बिघडलं. त्यात डुकराचा वरचा रक्तदाब 80च्या आसपास, बबूनचा 120. लहान बैलाला मोठी मोट जुंपल्यासारखं! मग रक्तदाब उतरवला, प्रतिकारशक्ती दाबणारं कॉर्टिसोन लवकर कमी केलं आणि टेमसिरोलिमस सुरू केलं. मूत्रपिंडाच्या कर्करोगावर देतात तेच हे औषध, पेशींची वाढ रोखणारं.

(तोच बबून, फांदीवर.)

हे सगळे उपाय केलेल्या या तिसऱ्या गटात पाच बबून होते. एक 51व्या दिवशी गेला. दोघांनी ठरलेले तीन महिने पूर्ण केले, उरलेले दोघे 182 आणि 195 दिवस जगले. याआधीचा विक्रम 57 दिवसांचा होता. प्रयोग संपल्यावर त्या चौघांनाही शांतपणे मरण दिलं. डिसेंबर 2018मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकानं हे छापलं.

(अमेरिकेतलं बाल्टिमोर. शस्त्रक्रियागृहाचं दार, पुन्हा पेटी.)

7 जानेवारी 2022. इथे डुकराचं हृदय आलं तेही अशाच पेटीतून. या वेळी टेबलावर माणूस होता. तो दोन महिने जगला.