एप्रिलचं पाणी

(दृश्य: करड्या डोंगरांच्या कुशीत हिरव्या शेताचा एकच पट्टा)

लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. इथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. लडाखच्या गावांत शेती उभी आहे ती वरच्या हिमनद्यांच्या जिवावर.

अडचण निराळीच आहे. जवाची पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि हिमनदी मनासारखी वितळते जूननंतर. पीक वर्षाला एकच, त्यामुळे पेरणी चुकली की वर्ष गेलं.

(दृश्य: दगडी काठाचा पाट, पुढे छोटं तळं)

नाल्यातून निघालेल्या पाटाला इथे 'युरा' म्हणतात, तळ्याला 'झिंग'. रात्रभर झिरपणारं पाणी झिंगमध्ये साठवायचं आणि सकाळी एकदम सोडायचं. बारीक धार थेट सोडली तर वाटेतच मुरते, शेताच्या टोकाला पोचतच नाही. कुणाची पाळी कधी, हे गावानं नेमलेला 'चुरपोन' ठरवतो. दगड आणि मातीचं ढेकूळ सरकवलं की पाटाचं तोंड बंद. ढेकूळ रात्री कुणी सरकवलं, यावरून भांडणंही होतात.

हिवाळ्यात वाहून जाणारं पाणी थोपवायची युक्ती चेवांग नॉरफेल या अभियंत्यांनी १९८० च्या दशकात वापरली. सावलीतल्या दरीत दगडी बांध घालून पाण्याचा वेग कमी केला की ते जागेवरच गोठतं आणि पेरणीच्या सुमारास वितळून शेताला मिळतं. ही जागा सहसा गावापासून उंचावर लागते.

(दृश्य: संध्याकाळ, बर्फाचा सुळका, वर फवारा)

सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात हेच काम गावाजवळ करून पाहिलं. त्याला नाव पडलं बर्फाचा स्तूप. यात पंप नाही. वरून नळानं पाणी आणायचं आणि उभ्या नळीतून फवारायचं. उगम जितका उंच, जवळपास तितकं पाणी चढतं, घर्षणात थोडं कमी होतं. पायाशी फांद्यांचा सांगाडा असला की थेंबांना धरायला जागा मिळते. सुळका वाढला की वरून नळीचा तुकडा जोडायचा. शंकूच का? तेवढ्याच बर्फाला उन्हात उघडी बाजू कमी मिळते, म्हणून तो सपाट थरापेक्षा जास्त टिकतो.

बिघडतं ते बहुतेक नळात. मध्ये उंचवटा राहिला की हवा अडकते, धार मंदावते, पाणी आतच गोठतं आणि नळ फुटतो. म्हणून नळ सलग उतारावर आणि थंडी पोचणार नाही इतका खोल पुरायचा. काम थांबवायचं तर खालची चावी उघडून नळ आधी रिकामा करायचा. थेंब जाड पडले तर हवेत गार व्हायला वेळ मिळत नाही. मग पाणी खाली वाहतं आणि रस्त्यावर बर्फाची फरशी होते.

(दृश्य: दुमजली कोरडा संडास)

पाणी वाचवणारी दुसरी जागा घरातच असते. वरच्या मजल्यावर जमिनीत भोक आणि शेजारी मातीचा ढीग. वापर झाला की फावडंभर माती किंवा राख टाकायची. राखेत कंजुषी केली की वास सुटतो. खालच्या खोलीत तयार झालेलं खत वसंतात शेतात जातं, त्याच पेरणीला.