हा आकडा आला कुठून?

नमस्कार श्रोतेहो. बारावीचा निकाल लागला की हल्ली जळगाव-धुळ्याकडे घरोघरी एकच नाव निघतं: डेटा सायन्स. म्हणजे काय विचारलं, तर 'काहीतरी कॉम्प्युटरचं.' कॉम्प्युटर त्यात आहेच, पण आकड्यांवरून उत्तर शोधायच्या या कामाची सुरुवात त्याच्या बरीच आधी होते.

रावेर-यावलची केळी घ्या. थंडीत पारा ठरलेल्या आकड्याखाली सलग काही दिवस राहिला, तर फळपीक विम्याची भरपाई लागू होते. पारा मोजणार महसूल मंडळातलं हवामान केंद्र. तुमची बाग मात्र तापीकाठच्या सखल रानात, जिथं रात्री गार हवा साचून बसते. केंद्राचा आकडा खोटा नाही. पण तो तुमच्या बागेचा आहे का? डेटा सायन्सवाल्यानं आधी हे विचारायचं, मग लॅपटॉप उघडायचा.

हा प्रश्न त्याला सांख्यिकीकडून वारशानं मिळालाय. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांवरून, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून-तोलून सगळ्या पिकाचा अंदाज बांधण्यावरून, आपल्याकडे मोठा वाद झाला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. दुसरे संख्याशास्त्रज्ञ, साताऱ्याकडचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे म्हणाले, त्यानं उत्पन्नाचा अंदाज फुगतो. का? तुकडा दोरीनं आखला की काही रोपं अगदी दोरीवर येतात, आणि कापणारा ती सहसा आतच धरतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानानं कड जास्त, तितकी चूक मोठी. यंत्र कितीही हुशार आणा, ही चूक त्याला दिसत नाही. ती शेतात उभं राहिलेल्यालाच दिसते.

डेटा सायन्सचे बाकीचे शेजारी थोडक्यात. लाखो नोंदी साठवणं, झटपट चाळणं हे संगणकशास्त्राचं काम. जुन्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधायला शिकणारा प्रोग्रॅम म्हणजे मशीन लर्निंग. ती एआयची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, एक शाखा. डेटा सायन्स या सगळ्यांकडून हत्यारं उसनी घेतं, आणि प्रश्न मात्र केळीचा, दवाखान्याचा, नाहीतर बँकेचा असतो. म्हणून केळी कळणारा माणूसही त्या टेबलावर लागतोच.

आता पालकांसाठी. क्लासची फी भरण्याआधी अभ्यासक्रम मागून बघा. नुसतं पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, असेल आणि संभाव्यता, नमुना निवड यांचा पत्ता नसेल, तर पैसे खिशातच ठेवा. जळगावला आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात सांख्यिकीचा विभाग आहे. तिथं एकदा चौकशी करून या. आणि बीएस्सीला सांख्यिकी घेणाऱ्या मुलीला 'यात काय स्कोप?' असं तेवढं विचारू नका. नमस्कार.