नायक आधी ‘नाही’ म्हणतो

(दृश्य: वहीवर झुकलेली मुलं. एका पानावर पेन्सिल थांबलेली.)

दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या गोष्टी धडाक्यात सुरू होतात. दुसऱ्या ओळीत वादळ, चौथ्या ओळीत राक्षस, सातव्या ओळीत गुप्त भुयार. आणि पानाच्या तळाशी नायक नुसता उभा असतो, कारण लिहिणाऱ्याला पुढचं सुचलेलं नसतं. कल्पनांची टंचाई नसते, कथानक मात्र कुठेच नसतं.

मग शिक्षक फळ्यापाशी जातात आणि खडूने एक वर्तुळ काढतात.

(दृश्य: वर्तुळाचे भाग पडतात. एकेका भागात शब्द उमटतात: नेहमीचं जग, हाक, नकार, गुरू, उंबरठा…)

नायकाचा प्रवास. लेखनाच्या कार्यशाळांमधून जगभर फिरलेलं हे वर्तुळ. नेहमीच्या जगातल्या कुणालातरी हाक येते. तो आधी नकार देतो, मग कुणीतरी वाट दाखवतं, तो उंबरठा ओलांडतो. कसोट्या लागतात, एक कसोटी जिवावर बेतते, हाती काहीतरी लागतं आणि ते घेऊन तो परततो.

याचं मूळ शोधत गेलं की नाव येतं जोसेफ कॅम्पबेल यांचं. अमेरिकेतल्या सारा लॉरेन्स कॉलेजात ते साहित्य शिकवायचे. देशोदेशीच्या पुराणकथा आणि लोककथा शेजारी-शेजारी ठेवून वाचताना त्यांना एकच सांगाडा पुन्हा पुन्हा दिसला, आणि १९४९ साली ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या पुस्तकात त्यांनी तो मांडला. निघणं, दीक्षा घेणं, परतणं असे तीन भाग आणि त्यांत मिळून १७ टप्पे. तीन भागांची ही कल्पना अगदी कोरी नव्हती. आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्येच संस्कारविधींबद्दल असंच काहीसं लिहिलं होतं: माणूस आधी समाजापासून वेगळा होतो, काही काळ अधांतरी राहतो, मग नव्या रूपात परत सामावला जातो.

वर्गात जे वर्तुळ दिसतं ते मात्र सहसा १२ टप्प्यांचं असतं. ते कॅम्पबेल यांचं नाही. हॉलिवूडमध्ये पटकथा वाचून त्यांवर अभिप्राय देणाऱ्या ख्रिस्तोफर व्होग्लर यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर कॅम्पबेल यांच्या पुस्तकाचा सात पानी सारांश तयार केला. तो हातोहात फिरला आणि १९९२ साली त्याचं पुस्तक झालं. आज मुलांसमोर येते ती ही आटोपशीर आवृत्ती.

यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कॅम्पबेल वाचक होते. व्होग्लरही वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसलेले. दोघांसमोर गोष्टी लिहून तयार होत्या. आपल्या मुलापुढे असतो कोरा कागद. वाचणाऱ्याचं हत्यार जसंच्या तसं लिहिणाऱ्याच्या हाती दिलं, तर काय होतं?

(दृश्य: बारा चौकोनांचा छापील तक्ता. एक हात भराभर चौकोन भरतोय.)

तक्ता भरला जातो. उदाहरणासाठी एक गोष्ट घेऊ. बेटावरच्या दीपगृहात राहणारी मुलगी. दिवा विझतो. तेल आणायला जायची वेळ येते. तिसऱ्या चौकोनात लिहिलेलं असतं: ‘ती नाही म्हणाली.’ चौथ्यात: ‘एक म्हातारे आजोबा भेटले. मग ती हो म्हणाली.’ पुढे समुद्रातला राक्षस, लढाई, तेल, घर. सगळे टप्पे हजर, गोष्ट गैरहजर. राक्षसाच्या जागी दरोडेखोर आला तरी काही बिघडणार नाही, आणि दुखणं नेमकं हेच आहे.

आता सगळं सोडून फक्त तिसऱ्या चौकोनाशी थांबायचं. ती नाही का म्हणाली? ‘भीती वाटली’ हे पहिलं उत्तर, ते प्रत्येक वहीत असतं. ते बाजूला ठेवायचं आणि पुन्हा विचारायचं. दिव्यावर लक्ष ठेवायची पाळी तिचीच होती आणि तिला झोप लागली, असं निघालं तर? तेल मागायला जायचं म्हणजे दिवा कसा विझला ते सांगावं लागणार.

एवढ्यानं गोष्टीचे सगळे सांधे जुळायला लागतात. आजोबा आता वाटेत भेटलेले कुणीतरी उरत नाहीत. त्यांनी किनाऱ्यावरून दिवा विझताना पाहिलेला असतो आणि ते गप्प आहेत. उंबरठा म्हणजे होडी ढकलण्याचा क्षण नाही, तर तेलवाल्याने ‘काय झालं?’ विचारल्यावर तिने खोटं सांगितलं तो क्षण. राक्षसाची गरजच संपते. आणि घरी परतल्यावर तिची वाट पाहत असतो बाबांचा प्रश्न.

म्हणून या वर्तुळाची सुरुवात शिकवताना नकारापासून करावी, असं आमचं ठाम मत आहे. हाक बाहेरून येते आणि ती कुणालाही येऊ शकते. नकार मात्र त्या एकाच पात्राचा असतो. याची साक्ष आपल्या घरातच आहे. दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ उभा राहतो, अर्जुन धनुष्य टाकून देतो, ‘मी लढणार नाही’ म्हणतो आणि गप्प बसतो. त्या नकाराला उत्तर देता देता गीतेचे अध्याय १८ पर्यंत जातात. व्यासांनी तिथे एका ओळीत ‘मग तो हो म्हणाला’ लिहून काम भागवलं नाही.

(दृश्य: दोन मुली वाद घालत आहेत. एकीच्या हातात खोडरबर.)

टप्पे गाळले तर चालतात का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. बेलाशक चालतात. रशियन लोककथांचा अभ्यास करणाऱ्या व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये कथेतल्या ३१ घटकांची यादी दिली, पण एकाच कथेत ते सगळे असावेत असं त्यांनी म्हटलं नव्हतं. खुद्द कॅम्पबेलही लिहितात की अनेक कथा एखाद-दुसराच टप्पा उचलून तो फुलवतात. चौकोन रिकामा दिसला की गुण कापणारा शिक्षक कॅम्पबेल यांच्यापेक्षाही कडक म्हणायचा.

वर्तुळावर आक्षेपही आहेत, आणि ते मोठ्या मुलांना सांगायला हवेत. जुळणाऱ्या कथा निवडल्या आणि न जुळणाऱ्या सोडल्या, ही लोकसाहित्याच्या अभ्यासकांची तक्रार. शिवाय हा नायक बहुतेक वेळा पुरुष. सारा लॉरेन्स तेव्हा मुलींचं कॉलेज होतं, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मॉरीन मर्डॉक यांनी १९९० साली नायिकेच्या प्रवासाचा वेगळा नकाशा मांडला. त्यात बाहेरचा शत्रू जिंकण्यापेक्षा स्वतःचा तुटलेला भाग परत जोडण्याला महत्त्व आहे.

(दृश्य: वहीचं शेवटचं पान. एकच ओळ.)

आणि परतणं. मुलं इथे अभिमन्यू होतात, आत शिरायचं माहीत, बाहेर पडायचं नाही. ‘आणि ती घरी आली. समाप्त.’ ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याचे २४ सर्ग आहेत. ओडिसियस त्याच्या बेटावर पोहोचतो तेराव्या सर्गात. म्हणजे जवळजवळ अर्धं महाकाव्य घरी पोहोचल्यानंतरचं. भिकाऱ्याच्या वेषात तो स्वतःच्याच दारात उभा राहतो, आणि बायकोने ओळखावं म्हणून त्याला परीक्षा द्यावी लागते. मुलांना विचारायला हवं: घरातलं कोण तिला आता वेगळ्या नजरेनं बघेल? आणि कुणाला काहीच कळणार नाही?

वर्तुळ फळ्यावर यावं ते यानंतर, पहिला खर्डा हातात असताना. दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायच्या. एका रंगाने प्रत्येक टप्प्याला किती ओळी मिळाल्या ते समासात लिहायचं. लढाईला चाळीस, नकाराला एक, परतण्याला अर्धी, असा हिशोब निघाला की मुलं स्वतःच हसतात. दुसऱ्या रंगाने अशा ओळींवर खूण करायची, ज्या दुसऱ्या कुठल्याही नायकाच्या गोष्टीत तशाच्या तशा बसतील. दुसरा खर्डा त्या खुणांपासून सुरू करायचा. मग लढाईच्या चाळीस ओळींतल्या किती उरतात, ते ज्याचं त्यानं ठरवावं. काही जण सगळ्या ठेवतात, आणि त्यासाठी कडाकडा भांडतातही.